नाव, वय, धंदा, राहणार

दुभाषीबाईंच्या टेबलावर माणूस मारणं फार कटकटीचं काम होतं. आपण तलवार उगारायची, फासा टाकायचा, वीस पडायचे, समोरचा पहारेकरी आडवा. आपण खुर्चीतल्या खुर्चीत नाचायला लागलो की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "छान. आता याचं नाव लिहून घे."

"बाई, मेला तो."

"म्हणूनच. नाव, वय, धंदा, राहणार. आणि त्याच्या घरी निरोप घेऊन कोण जाणार?"

मग कधी जन्मालाच न आलेल्या त्या पहारेकऱ्याचं बारसं करायचं, त्याला गाव द्यायचं, गावात एक म्हातारा बाप द्यायचा आणि त्या बापाला काय तोंड दाखवायचं यावर अर्धा तास वाद घालायचा. दोन महिन्यांत आमची टोळी इतकी सुधारली की राक्षस दिसला तरी आम्ही आधी रामराम घालायचो. मारण्यापेक्षा ते सोपं पडायचं.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग चालवतो, म्हणजे डोंगर कुठे, गाव कुठे, दारामागे कोण उभं आहे हे त्याने सांगायचं. बाकीचे त्या जगात एकेक पात्र होऊन फिरतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. काय करायचं ते तोंडाने बोलायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बस, एवढंच. इंग्रजीत याची जाडजूड पुस्तकं मिळतात. बाईंच्या भाच्याने परदेशी जाताना ती पुस्तकं आणि फाशांची थैली बाईंकडे ठेवायला दिलेली. बाई तेव्हा नुकत्या रिटायर झालेल्या. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं आणि तिसऱ्याच पानावर भडकल्या. तिथे लिहिलेलं की अमुक एक जमात जन्मतःच दुष्ट असते आणि तिची भाषा कर्कश असते. 'कुणाची साक्ष काढली यांनी?' असं बाईंनी समासात पेन्सिलने लिहिलं. ते पान मी स्वतः बघितलंय. पेन्सिल कागदात रुतलेली. त्या पुस्तकाशी भांडायला म्हणून बाई हा खेळ चालवायला लागल्या, असं माझं मत आहे.

बाई तीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात दुभाषी होत्या. ज्याला मराठी येत नाही त्याचं म्हणणं साहेबांना मराठीत सांगायचं आणि साहेबांचं त्याला त्याच्या भाषेत. कन्नड, तेलुगू, हिंदी, गुजराती सगळं चालायचं. या भाषा शिकलात कुठे, असं विचारलं की म्हणायच्या, "सोलापुरात. जेवणाच्या रांगेत." आम्हाला वाटायचं, गंमत करतायत. स्वतःचं मराठी मात्र इस्त्री केलेलं. 'आणि' मधला ण ऐकून आपण सरळ बसावं.

त्यांचं एक तत्त्व होतं. दुभाष्याने 'तो म्हणतो' असं कधी म्हणायचं नाही. आरोपी म्हणाला मी घरी होतो, तर दुभाष्यानेही म्हणायचं, मी घरी होतो. "नुसता निरोप्या झालास की माणूस लांब जातो," बाई सांगायच्या. "त्याच्या जागी उभं राहून बोलायचं. मी इतके खून नाकारलेत की आता डास मारला तरी तोंडातून निघतं, साहेब, मी तिथे नव्हते."

आमचं कोर्ट डोंबिवली पूर्वेला एका क्लासच्या खोलीत भरायचं. रविवारी सकाळी दहाला. फळ्यावर आदल्या दिवशीची त्रिकोणमिती असायची आणि क्लासवाल्या सरांची ताकीद होती की ती पुसायची नाही. त्यामुळे बाई उरलेल्या जागेत नकाशा काढायच्या आणि आमच्या राज्याच्या उत्तरेला कायम एक काटकोन त्रिकोण असायचा. शेवटी बाईंनी त्याला डोंगर करून टाकला. त्या डोंगरावर माझा घोडा मेलाय. त्याचंही नाव लिहून घेतलेलं.

मला तिथे केतकीने नेलं. केतकी माझ्या कॉलेजातली, मूळची देवगडकडची. मी नकला करतो हे तिला माहीत होतं. सोसायटीचा सेक्रेटरी, 'एक सीट, एक सीट' करत अर्धा तास तिथेच उभा राहणारा रिक्षावाला, माइक दिसला की खोकणारे आमचे प्राचार्य, हे सगळे माझ्या घशात भाड्याने राहतात. केतकी म्हणाली, "तुझं तोंड तिथे कामाला येईल. नाहीतरी इथे फुकट जातंय."

आता माझंही नाव, वय, धंदा सांगितलं पाहिजे. मी भावेश. आम्ही आगरी. मानपाड्याच्या बाजूला आमचं गाव. आजोबांपर्यंत भातशेती, आईच्या माहेरी खाडीकडे मिठागरं. आता शेताच्या जागी टॉवर आहेत, टॉवरच्या सावलीत आमचा बंगला आणि बंगल्याच्या गच्चीवर सिमेंटचा घोडा. हसायचं तर हसून घ्या, बाबांना सांगणार नाही. शिकलो गावच्याच मराठी शाळेत. वक्तृत्व स्पर्धा आली की सर सांगायचे, "स्टेजवर चढताना घरचं बोलणं चपलेसारखं खाली काढून ये." मी काढलं. बक्षिसं पण मिळाली. खाली उतरलो तर चपला जागेवर नव्हत्या. मग ज्याच्या मिळतील त्याच्या घालून फिरायला लागलो. नकलाकार असाच होतो, दुसरं काही गूढ नाही त्यात.

ठाण्याला कॉलेजात मी कुठला ते कुणाला नीट माहीत नव्हतं. मानपाडा सांगितलं की लोक टॉवरमधलाच समजायचे. आगरी बोलायचो ते फक्त नक्कल म्हणून. त्याची रेसिपी सोपी आहे. नाक जरा बंद, आवाज दोन पट्ट्या वर, हनुवटी पुढे आणि शेवटचं अक्षर रबरासारखं ताणायचं. हशा गॅरंटी.

पहिल्याच रविवारी मी खवीस घेतला. पुस्तकात ज्यांना गॉब्लिन म्हणतात, ते बुटके, हिरवे, खाडीकाठी राहणारे लोक. आमच्या टेबलावर त्यांना खवीस म्हणायचे. माझ्या खविसाचं नाव खुबड्या. तोंड उघडलं आणि रेसिपी लावली. सुशांत पोट धरून हसला. सुशांत म्हणजे आमच्यातला तिसरा, औषधाच्या दुकानात कामाला असणारा, गोळीच्या पाकिटासारखा नीटनेटका मुलगा. केतकी पण हसली.

बाई हसल्या नाहीत. रागावल्या पण नाहीत. उठल्या, कोपऱ्यातली एक खुर्ची ओढत आणून टेबलासमोर ठेवली आणि मला म्हणाल्या, "बस. जबानी घेऊ."

ही त्यांची रीत होती. नवीन पात्र आलं की त्याला साक्षीदारासारखं समोर बसवायचं. पात्राची कहाणी कागदावर आठ पानं लिहून आणलेली त्यांना चालत नसे. तोंडी हवी.

"नाव?"

"खुबड्याऽऽ."

"वय?"

"आमच्यात मोजत नाय." हशा.

"धंदा?"

"चोऱ्या." मोठा हशा.

"राहणार?"

"खाडीच्या पल्याड."

"आई जेवायला हाक कशी मारते?"

हा प्रश्न मी तयार केलेला नव्हता. आणि तयार नसलं की माणूस जवळचं उचलतो. मी म्हणालो, "ये पोऱ्या, जेवाला ये, भात निवला."

कुणी हसलं नाही. मीही दचकलो, कारण ते नाकातून आलंच नव्हतं. नेहमीच्या पट्टीत आलेलं, माझ्या आईच्या. बाईंनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं आणि पेन न उचलता विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"ते... आमच्या भागात एक दूध विक्रेते येत असत. त्यांची बोलण्याची पद्धत तशी होती."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "साक्षीदार खोटं बोलायला लागला की पुस्तकी होतो," त्या म्हणाल्या. "आत्तापर्यंत 'नाय' म्हणत होतास. एकदम 'विक्रेते येत असत' झालं." आणि कागदावर 'दूध विक्रेते' टिपून शेवटच्या ओळीत लिहिलं, 'साक्षीदार अर्धं सांगतो.' त्याखाली सहीची जागा रिकामी ठेवली आणि कागद फाइलला लावला.

दूधवाला. स्वतःच्या आईला मी दूधवाला करून टाकलेलं. घरी गेलो तर तिने त्याच शब्दांत हाक मारली.

बाईंचं दुसरं वेड म्हणजे भाषा. प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या लोकांची भाषा स्वतः करायची. वीस शब्द पुरेत म्हणायच्या, पण त्यातले काही ठरलेले. पाय चेंगरला तर काय ओरडणार. तुमच्याकडे भरपूर आहे त्या वस्तूचं नाव. तुमच्याकडे नाहीच म्हणून दुसऱ्यांकडून उसनं घेतलेलं नाव. आणि मोठ्यांसमोर बोलायचं नाही असं एक काहीतरी. केतकीने तर अशी भाषा केली की तिच्यात 'नाही' म्हणायच्या अकरा तऱ्हा होत्या आणि 'हो' नव्हतंच. "माझ्या मावशीवरून घेतली," ती म्हणाली. बाईंनी ती ताबडतोब मंजूर केली.

सुशांतला एल्फ व्हायचं होतं, म्हणजे लांब कानांचा, देखणा, न मरणारा माणूस. त्याने तीनशे शब्दांची वही भरून आणली. सगळे शब्द चांदीच्या घंटीसारखे. ताऱ्यांच्या प्रकाशाला सात शब्द. बाईंनी वही चाळली, मिटली आणि विचारलं, "तुझा हा देखणा गृहस्थ. दारात बोट सापडलं. काय म्हणेल?"

सुशांत पानं उलटायला लागला. उलटत राहिला.

"तोवर बोट गेलं," बाई म्हणाल्या. "ज्या भाषेत कळवळता येत नाही, ती दुकानाची पाटी. भाषा नव्हे."

माझे वीस शब्द मात्र पटापट भरले. भरपूर असलेली वस्तू, निवटी. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा असतो, तो. मीठ पिकवायच्या खाचराला कोंडी. पाणी चढून आलं की उधान. मला म्हणायचं असेल तर मना. 'डोक्यातून काढलेत,' मी टेबलावर सांगायचो. बाई प्रत्येक शब्द वहीत उतरवून घ्यायच्या. "छान बनवतोस," एकदा म्हणाल्या. "पाठ असल्यासारखे येतात."

मी हसून घेतलं. हसून घेणं हा माझा धंदाच.

अशी दोन वर्षं गेली. मग ठाण्याचा निनाद आला. टेंभी नाक्याजवळ अशा खेळांचा एक ग्रुप होता, निनाद त्याचा प्रमुख. बूट पांढरेशुभ्र, बोलणं गोड. त्यांना लोकांसमोर एक मराठी खेळ करून बघायचा होता, कॅमेरे लावून. जमलं तर दर महिन्याला शो, ऑनलाइन. त्याने एका रविवारी क्लासवर येऊन आमचा खेळ बघितला आणि जाताना मला बाजूला घेतलं. "भाई, तुझा खवीस म्हणजे जान आहे. तो आगरी टोन जरा अजून वर घे. रीलला तोच चालणार."

खोटं कशाला बोलू, मला तो शो पाहिजे होता. मला आवाजाचंच काम करायचंय, जाहिरातींचं, कार्टूनचं, मिळेल ते. कॉलेज संपत आलेलं आणि बाबा अधूनमधून साइटवर सिमेंटचे ट्रक बघायला उभं राहा असं सुचवायला लागलेले. कॅमेऱ्यासमोर दर महिन्याला बोलायला मिळणं माझ्यासाठी फार मोठं होतं. आणि त्याची अट एवढीच, नाक जरा बंद, आवाज दोन पट्ट्या वर. मी हो म्हणालो. बाईंना एवढंच सांगितलं की निनादला खवीस गमतीदार हवाय.

"तुझा खवीस आहे," बाई म्हणाल्या. "हसवायचं का ते तू ठरव. मी प्रश्न विचारणार, तो माझा हक्क."

खेळ ठरला नवरात्रात. नाक्यावर देवीला गर्दी असतेच, त्यातले चार लोक वर येतील, असा निनादचा हिशोब. पहिल्या मजल्यावरचा हॉल, साठेक खुर्च्या, टेबलावर दिवे. कथा बाईंची. खाडीकाठचं खविसांचं मिठागर राजाला हवंय. राजाचा अधिकारी चौकशीला आलाय. मिठागर आपलं आहे अशी साक्ष कुणी दिली नाही, तर खविसांना उठवणार. साक्षीदार अर्थात खुबड्या.

खालून ढोल ऐकू येत होते. मी उभा राहिलो, हनुवटी पुढे काढली आणि पहिली लाइन टाकली. "सायेब, आमी चोर नायऽऽ, आमी फकस्त लोकांच्या वस्तू सांबालतोऽऽ."

हॉल फुटला. निनादने कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवला. आणि तेव्हाच मला शेवटच्या रांगेत आई दिसली.

ती दरवर्षी देवीला येते. मी तिला खेळाचं सांगितलं नव्हतं, बाबांनी सांगितलं असणार. त्या दिवसाच्या रंगाची साडी, मांडीवर ओटीचा नारळ, शेजारी मामी. आईसुद्धा हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, पोरगं स्टेजवर आहे म्हणून खूश. मग तिने कौतुकाने आजूबाजूला बघितलं, कोण कोण हसतंय ते. पुढच्या खुर्चीतला एक मुलगा हनुवटी पुढे काढून मित्राला माझी लाइन म्हणून दाखवत होता. आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि तिने पदर तोंडावरून हळूच खाली घेतला.

टेबलाच्या त्या टोकाला बाई अधिकारी होऊन बसलेल्या. आई कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा चष्मा वर सरकवला. "हे मिठागर खविसांचं, असं साक्षीदाराचं म्हणणं. याचा बांध कुणी घातला?"

माझ्याकडे पुढचा जोक तयार होता. निवटीवरचा. चांगला होता.

"आमी सगल्यांनी," मी म्हणालो.

"सगळ्यांनी चालणार नाही. नावं सांगा."

मी नाक सोडलं. हनुवटी मागे घेतली. आवाज दोन पट्ट्या खाली आणला. रेसिपीतलं एकेक काढत गेलो आणि शेवटी जे उरलं ते घरचं होतं. नावं बनवायला सुचेनात, म्हणून होती ती सांगितली. आईच्या चुलत्यांची. "हिरू. काथोड. पांडू. बामा. ही कोंडी त्यांची. उधान येतं तवा बांधावर ते उबे ऱ्हायचे. राजा नाय आला कदी."

शेवटच्या रांगेतून आवाज आला, "जनू ऱ्हायला. जनू बी होता बांधावर."

लोक वळून बघायला लागले. आईला कळलं की आपण मोठ्याने बोललो, पण ती मागे हटली नाही. आमच्या घरात साक्ष अर्धी देत नाहीत. म्हणजे माझ्याशिवाय कुणी देत नाही.

बाई खुर्चीतून उठल्या. कॅमेरा, दिवे, अधिकारी सगळं विसरून त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी याची आयस," आई म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, एक क्षण. मग बसल्या आणि पेन उघडलं. "जनू," त्या म्हणाल्या. "लिहून घेतलं. मिठागर खविसांचं."

खेळ संपल्यावर निनादने मला जिन्यात गाठलं. "भाई, पहिली लाइन कडक होती. पण नंतर हेवी झालं रे. लोकांना हसायचंय. शो तुझाच धर, फक्त खवीस पहिल्या लाइनसारखा ठेव. आणि बाईंना आपण फुल रिस्पेक्ट देऊ, पण खेळ चालवायला मास्टर दुसरा घेऊ. त्या मध्येच कोर्ट लावतात."

बाई आमच्यामागेच होत्या. त्यांनी भिंतीला टेकवलेली एक घडीची खुर्ची उघडली आणि निनादला म्हणाल्या, "बसा."

तो बसला. त्या आवाजाला कुणीही बसतं.

"नाव, वय, धंदा, राहणार?"

त्याने हसत हसत चारही सांगितली.

"आई जेवायला हाक कशी मारते?"

"हाक नाही मारत. फॅमिली ग्रुपवर टाकते, डिनर रेडी." तो हसला आणि आम्ही हसतोय का ते बघितलं. "पुढे एक पोळीचं चित्र असतं," तो जरा हळू म्हणाला.

"खरं बोललात," बाई म्हणाल्या. "तुमची नक्कल करून कुणी साठ लोकांना हसवलं तर चालेल?"

निनाद उठला. वाईट माणूस नाही तो. "संध्याकाळपर्यंत कळव," तो मला म्हणाला.

संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं. आई आणि मामी जिन्याच्या खालच्या पायरीवर माझी वाट बघत उभ्या होत्या, मागे ढोल.

"मना नको," मी म्हणालो. साध्या पट्टीत.

शो सुरू झाला, आजही चालतो. खवीस दुसरा मुलगा करतो, नाक बंद करून. लोक हसतात. हसू देत. त्याच्या खविसाची जबानी अजून कुणी घेतलेली नाही एवढंच, आणि ज्या दिवशी घ्यायची असेल त्या दिवशी खुर्ची मी घेऊन जाईन. मी सकाळी सिमेंटचे ट्रक बघतो, दुपारी मिळेल तिथे आवाज देतो. परवा एका खताच्या जाहिरातीत आगरी शेतकरी हवा होता. डायरेक्टर म्हणाला, जरा मजेशीर कर. मी म्हणालो, शेतकऱ्याचं नाव काय? काम गेलं. जाऊ दे.

त्या खेळानंतरच्या रविवारी बाईंनी माझा जुना कागद फाइलमधून काढून समोर ठेवला. 'साक्षीदार अर्धं सांगतो.' मी 'दूध विक्रेते' खोडलं, वर 'आयस' लिहिलं आणि सही केली.

सुशांत म्हणाला, "साल्या, दोन वर्षं आम्हाला गंडवलंस."

"मला माहीत होतं," केतकी म्हणाली. "बाकाला गुडघा आपटला की हा शुद्ध मराठीत कळवळत नाही."

बाई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

यंदा बाई डोंबिवली सोडून गेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी संप पुकारलेला. सोलापूरला त्यांची एक मैत्रीण एकटी राहते, तिच्याकडे. जायच्या आधीच्या रविवारी आईने त्यांना जेवायला बोलावलं. आमच्यात अहो-जाहो फार नसतं, देवीला तू आणि पाव्हण्यालाही तू. आईने फोनवर सांगितलेलं, "ये गो बाय, निवटी करतंय." बाईंनी कुठलीही भाषा न बदलता उत्तर दिलेलं, "येते."

बाई आल्या. सिमेंटच्या घोड्याकडे नीट बघून म्हणाल्या, "नाव काय याचं?" बाबा इतके खूश झाले की त्यांनी दोन पर्याय दिले. मग बाईंनी पिशवीतून जबान्यांची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. इतक्या वर्षांतले सगळे, जिवंत, मेलेले, पहारेकरी, माझा घोडा. "आता टेबल तू चालव," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांना नावं द्यायची. आळस करायचा नाही."

मी फाइल चाळली. त्यात एकाच माणसाचा कागद नव्हता. नकलेची खाज मला गप्प बसू देत नाही. मी ओटीवरची प्लास्टिकची खुर्ची ओढली, बाईंच्या समोर ठेवली, चष्मा नसताना कपाळावर सरकवला आणि त्यांच्या आवाजात, त्या इस्त्रीच्या मराठीत म्हणालो, "बसा. जबानी घेऊ. नाव, वय, धंदा, राहणार?"

बाई हसल्या आणि बसल्या. नाव सांगितलं. वय सांगितलं. धंदा, दुभाषी. राहणार, उद्यापासून सोलापूर.

"आई जेवायला हाक कशी मारायची?"

आत फोडणी पडली.

"मी वसतिगृहात वाढले," त्या म्हणाल्या. "चार वर्षांची होते तेव्हापासून. जेवायला हाक नव्हती. घंटा व्हायची."

माझं पेन कागदावरच राहिलं. नक्कल तोंडातून गळून पडली. जेवणाच्या रांगेत शिकलेल्या भाषा मला तेव्हा कळल्या. रांगेतल्या प्रत्येक मुलीला तिची आई काय म्हणून बोलवायची, हे या बाईने विचारून ठेवलेलं असणार. हाकेच्या ओळीत काय लिहायचं ते मला कळेना. घंटेचं स्पेलिंग नसतं.

"कोरं ठेव," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराला जे माहीत नाही ते माहीत नाही."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. रोजचाच, त्याच पट्टीतला, अख्ख्या आळीला जाणारा. मी सवयीने उठलो, पण हाक मला नव्हती.

"ये गो बाय, जेवाला ये, भात निवला."

बाई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून सावकाश उठल्या. दारापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या आणि वळून माझ्या कोऱ्या ओळीकडे बोट दाखवलं.

"लिहून घे," त्या म्हणाल्या.